सात राज्यं, पण पुरावा एकच: २०२८ मध्ये पारडं कुणाचं जड?

तुमचा आणि तुमच्या मित्राचा वाद थोडक्यात असा. नोव्हेंबर २०२८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे. मित्राच्या मते रिपब्लिकन उमेदवार येणार, कारण २०२४ ला अटीतटीची सातही राज्यं त्यांनी घेतली आणि देशभरातली मतंही जास्त मिळवली. तुम्ही म्हणता डेमोक्रॅटिक येणार, कारण राष्ट्राध्यक्ष स्वतः उभा नसला की त्याचा पक्ष हरतो, असा इतिहास आहे. दोघांपैकी कुणाचं खरं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो. तुमची बाजू थोडीशी वरचढ आहे, पण तुम्हाला वाटते तितकी नाही, आणि दोघांची कारणं दिसतात त्यापेक्षा बरीच हलकी आहेत. मतदारांच्या सर्व्हेंचे आकडे तपासणं आणि त्यावरून अंदाज बांधणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात एकदा माझे हात चांगलेच पोळलेत, तेही पुढे सांगतो.

मित्रापासून सुरुवात करू. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेवाडा ही ती सात राज्यं. सातपैकी सात म्हटलं की डोळ्यांपुढे लाट उभी राहते. पण याच सात राज्यांचं मागचं प्रगतिपुस्तक काढून पाहा. २०१६ ला ट्रम्प यांनी सातपैकी सहा घेतली, फक्त नेवाडा सुटलं. २०२० ला बायडेन यांनी सहा घेतली, फक्त नॉर्थ कॅरोलायना सुटलं. २०२४ ला ट्रम्प यांनी सात घेतली. सात नाणी उडवली, तर किमान सहा एकाच बाजूला पडण्याची शक्यता आठात एक. हे लागोपाठ तीनदा घडण्याची शक्यता पाचशे बारात एक. (ही सात राज्यं आपण निकाल पाहून मग निवडली आहेत, त्यामुळे हे गणित ढोबळ माना.) तरीही ते घडलं, याचा अर्थ ही सात वेगळी नाणी नाहीतच. एका दोरीला बांधलेल्या सात होड्या आहेत. भरती आली की सगळ्या वर, ओहोटी आली की सगळ्या खाली.

म्हणून ‘सात राज्यं जिंकली’ हा सात वेळा मिळालेला पुरावा धरता येत नाही. तो एकाच गोष्टीचा पुरावा आहे, की २०२४ मध्ये देशाचा कल दीड टक्क्याने रिपब्लिकन बाजूला होता. ट्रम्प यांना ४९.८ टक्के मतं, हॅरिस यांना ४८.३. इलेक्टोरल मतांत (प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेली ठरावीक मतं, ज्यांच्या बहुमतावर राष्ट्राध्यक्ष ठरतो) तेच ३१२ विरुद्ध २२६ असं दणदणीत दिसतं, कारण मेन आणि नेब्रास्का सोडली तर प्रत्येक राज्यात जो पुढे असेल त्याला त्या राज्याची सगळी मतं मिळतात. विस्कॉन्सिनमधलं मताधिक्य साधारण २९ हजार होतं, मिशिगनमधलं ८० हजार, पेनसिल्व्हेनियातलं १ लाख २० हजार. तिन्ही मिळून २ लाख ३० हजारांच्या आसपास, आणि देशभरात मतदान केलेले लोक १५ कोटींहून जास्त.

एक गणित कागदावर मांडून पाहा, कारण इलेक्टोरल मतांची वाटणी जनगणनेवरून होते आणि २०३० ची जनगणना व्हायची असल्याने २०२८ लाही राज्यांची इलेक्टोरल मतं २०२४ इतकीच राहणार आहेत. हॅरिस यांच्या २२६ मध्ये पेनसिल्व्हेनियाची १९, मिशिगनची १५ आणि विस्कॉन्सिनची १० मिळवा. बेरीज २७०, म्हणजे ५३८ पैकी लागतात तितकीच. आता सात राज्यं वजा करून रिपब्लिकन बाजूची बेरीज करा, ती येते २१९. त्यात पेनसिल्व्हेनियाची १९, जॉर्जियाची १६ आणि नॉर्थ कॅरोलायनाची १६ मिळवा. पुन्हा २७०. दोन्ही पक्षांचा सर्वांत जवळचा रस्ता बरोबर उंबरठ्यावर येऊन थांबतो. डेमोक्रॅटिक बाजूच्या २२६ मध्ये नेब्रास्कातल्या ओमाहा भागाचं एक मतही धरलेलं आहे. ते हातचं गेलं तर २६९-२६९, आणि मग निर्णय प्रतिनिधी सभागृहाकडे, जिथे लोकसंख्येने सर्वांत मोठ्या कॅलिफोर्नियालाही एक मत आणि सर्वांत छोट्या वायोमिंगलाही एकच. असं शेवटचं १८२४ च्या निवडणुकीत घडलं होतं. तेव्हा सर्वांत जास्त मतं अँड्र्यू जॅक्सन यांची होती आणि अध्यक्ष झाले जॉन क्विन्सी ॲडम्स.

इतक्या समतोल पायावर कुणी ‘येणारच’ म्हणत असेल, तर त्याला ‘च’ कुठून आणलास, एवढंच विचारा.

आता तुमचं कारण. दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यमान अध्यक्ष उमेदवार नव्हता अशा निवडणुका आठ: १९५२, १९६०, १९६८, १९८८, २०००, २००८, २०१६ आणि २०२४. त्यांतली एकच सत्ताधारी पक्षाने जिंकली, १९८८ ला थोरल्या बुश यांनी. आठात एक, म्हणजे तुमची बाजू भक्कम, असं वाटणारच.

पण ते सात पराभव जवळून पाहा. १९६० ला केनेडी यांचं देशभरातलं मताधिक्य होतं जेमतेम १ लाखावर, पावणेसात कोटींहून जास्त मतांत. १९६८ ला निक्सन जिंकले ते ०.७ टक्क्याने. २००० ला अल गोर यांना देशात ५ लाखांहून जास्त मतं अधिक मिळाली आणि ते फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले. २०१६ ला हिलरी क्लिंटन यांना जवळपास २९ लाख मतं जास्त मिळाली आणि पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सुमारे ७८ हजारांनी हरल्या. हे चार निकाल वाऱ्याच्या एका झुळकेने उलटले असते, आणि तसं झालं असतं तर आज हाच हिशेब सत्ताधाऱ्यांच्या बाजूने ५-३ असा वाचला असता. मग तुमच्या मित्राने त्यालाच ‘इतिहासाचा नियम’ म्हटलं असतं. इतिहास तोच, फक्त चार फाशांची दानं वेगळी.

आठ ही संख्याही फार लहान आहे. निवडणूक चार वर्षांतून एकदा येते, त्यामुळे आमच्या धंद्यात उदाहरणांचा कायमचा दुष्काळ. म्हणून लोक तावीज शोधतात. ओहायो १९६४ पासून २०१६ पर्यंत दर वेळी विजेत्याबरोबर होतं, २०२० ला चुकलं. इंडियाना राज्यातली विगो काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) १८८८ पासून फक्त दोनदा चुकली होती, तीही २०२० ला चुकली. इतिहासकार ॲलन लिक्टमन यांच्या विजेता ओळखायच्या प्रसिद्ध तेरा ‘किल्ल्यां’नी (म्हणजे कसोट्यांनी) २०२४ ला हॅरिस यांचं नाव काढलं. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत, त्यांतली एखादी योगायोगाने बरीच वर्षं बरोबर राहणारच. ती चुकेपर्यंत तिच्यावर लेख येतात, आणि चुकली की दुसरी सापडते.

मग तुमच्या म्हणण्यात राहतं काय? राहतं, आणि ते खरं आहे. सत्तेत असणं हे कर्जासारखं असतं, त्यावर व्याज चढत जातं. महागाई, युद्ध, घोटाळे, न पाळलेली आश्वासनं, सगळं एकाच खात्यावर जमा होतं आणि विरोधी पक्षाचे मतदार जास्त त्वेषाने बाहेर पडतात. यावर उतारा असतो तो स्वतः राष्ट्राध्यक्ष उभा राहण्याचा. लोकांना त्या खुर्चीत तो माणूस पाहायची सवय झालेली असते. महायुद्धानंतर उभे राहून हरलेले अध्यक्ष चारच: फोर्ड, कार्टर, थोरले बुश, आणि २०२० चे ट्रम्प. दोनदाच निवडून येऊ देणाऱ्या घटनेच्या बाविसाव्या दुरुस्तीमुळे ट्रम्प २०२८ ला उभे राहू शकत नाहीत, म्हणजे तो उतारा रिपब्लिकनांकडे नाही.

इथेच एक पेच आहे जो तुमच्या दोघांच्या बोलण्यात आलेला नाही. सत्तेचा कंटाळा खरा जाणवतो तो सलग आठ वर्षांनंतर. १९५२ ला तर डेमोक्रॅटिक पक्ष सलग वीस वर्षं सत्तेत होता. २०२८ ला रिपब्लिकनांची सलग चारच वर्षं झालेली असतील, तरीही अध्यक्ष उभा राहू शकणार नाही. म्हणजे कंटाळा अर्धा आणि उतारा मात्र शून्य. मध्ये खंड पडून परत आलेला अध्यक्ष याआधी एकच झाला. ग्रोव्हर क्लीव्हलँड असेच मध्ये खंड पडून १८९२ ला दुसऱ्यांदा निवडून आले होते, आणि १८९६ ला त्यांच्या पक्षाचा ब्रायन हा उमेदवार मॅकिन्लींकडून हरला. पण त्याआधी १८९३ ची मोठी मंदी येऊन गेली होती. एका उदाहरणावरून नियम काढायचा मोह मलाही होतो. म्हणूनच तुम्हाला सावध करतोय.

२०१६, २०२०, २०२४ असा तीनदा लागोपाठ पक्ष बदललाय. २०२८ ला बदलला तर सलग चौथा बदल होईल, जो १८८४ ते १८९६ या काळानंतर झालेला नाही. कुणी म्हणेल, म्हणजे आता थांबणार. कुणी म्हणेल, म्हणजे सवयच लागलीये. त्या आकड्यात दोन्हींपैकी काहीच लिहिलेलं नाही.

आता सर्व्हेंकडे वळतो, कारण पुढच्या काळात तुम्ही दोघं एकमेकांच्या तोंडावर तेच फेकणार आहात.

१९३६ ची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने कोटभर पत्रिका पाठवल्या, २३-२४ लाख परत आल्या आणि त्यावरून लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ५२३-८ ने जिंकले. नमुना प्रचंड होता, पण ज्या यादीतून काढला ती आणि उत्तर देणारी माणसं, दोन्ही एका बाजूला झुकलेली होती. चूक लहान नमुन्याची असेल तर मोठा नमुना घेऊन ती कमी होते. झुकलेल्या नमुन्याची चूक तो कितीही वाढवला तरी तशीच राहते, उलट तिच्यावरचा आपला विश्वास मात्र वाढतो.

हीच चूक मी ऐंशी वर्षांनी नव्या वेषात केली. २०१६ चा ऑक्टोबर. एका ग्राहकाला क्लिंटन यांच्या विजयाची शक्यता लिहून द्यायची होती. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही तिन्ही गेली तरच त्या हरतात, असं मी धरलं. प्रत्येक राज्य जाण्याची शक्यता २० टक्के धरली. तिन्ही एकदम जाण्याची शक्यता ०.२ गुणिले ०.२ गुणिले ०.२, म्हणजे हजारात आठ. थोडी धाकधूक म्हणून आणखी काही टक्के सोडले आणि ९६ टक्के असं लिहून दिलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गुणाकार बरोबर होता, गुणाकार करणंच चूक होतं. विस्कॉन्सिनचे सर्व्हे ज्या कारणाने चुकले, त्याच कारणाने मिशिगनचेही चुकले. बऱ्याच संस्थांच्या नमुन्यात पदवी घेतलेले लोक जास्त आणि पदवी नसलेले गोरे मतदार कमी आले होते. अनेकांनी शिक्षणाच्या हिशेबाने उत्तरांना कमी-जास्त वजनच दिलं नव्हतं. एक राज्य गेलं की उरलेली दोन जाण्याची शक्यता २० टक्के राहत नाही, ती सत्तर-ऐंशीच्या घरात जाते. म्हणजे मी ज्याला हजारात आठ म्हणत होतो ते प्रत्यक्षात सातात एक किंवा त्याहून जवळचं होतं.

माझ्या बरोबरीला मोठी माणसं होती हाच काय तो दिलासा. प्रिन्स्टनच्या सॅम वांग यांनी ९९ टक्के सांगितलं होतं, शिवाय ट्रम्प यांना २४० पेक्षा जास्त इलेक्टोरल मतं मिळाली तर किडा खाईन असंही म्हटलं होतं. त्यांनी शब्द पाळला, टीव्हीवर मधासोबत रातकिडा खाल्ला. फाइव्हथर्टीएट या निवडणुकांचे अंदाज देणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना २९ टक्के दिले होते, म्हणून मतदानाआधी त्यांची टिंगल झाली होती. त्यांचा फरक एवढाच होता की राज्यांच्या चुका एकमेकींना बांधलेल्या आहेत हे त्यांच्या गणितात नीट धरलं होतं.

२०२० ला शिक्षणाचं वजन बहुतेकांनी दिलं, तरीही चूक आणखी मोठी झाली. सर्व्हेंची सरासरी बायडेन यांना आठ टक्क्यांहून जास्त आघाडी दाखवत होती, निकाल साडेचारचा लागला. निकालानंतरच्या तपासणीत ती चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक ठरली. जे फोन उचलतात आणि जे उचलत नाहीत, त्यांच्यात वय आणि शिक्षण सारखं असलं तरी काहीतरी वेगळं असतं. प्यू या संस्थेच्या फोन सर्व्हेंना १९९७ मध्ये ३६ टक्के लोक उत्तर द्यायचे, २०१८ मध्ये ६ टक्के. म्हणजे शंभरातले चौऱ्याण्णव गप्प, आणि त्यांच्या वतीने सहा जण बोलतात. अशा दहा सर्व्हेंत तुमचा उमेदवार पुढे दिसला, तर तो दहा वेळा पुढे आहे असं समजू नका. दहाही जण त्याच सहांना विचारून आलेले असू शकतात.

बातमीत ‘त्रुटीची मर्यादा अधिक-उणे ३’ असं येतं ना, ते एका उमेदवाराच्या टक्केवारीसाठी असतं. आघाडीसाठी जवळपास दुप्पट धरा. हजार जणांच्या सर्व्हेत ४ टक्क्यांची आघाडी म्हणजे खरं तर ‘बहुधा पुढे’ एवढंच. त्यात वर सांगितलेली झुकण्याची चूक धरलेलीच नसते.

आणि आत्ताचे सर्व्हे तर वाचूच नका. १९८८ च्या जुलैत गॅलपच्या सर्व्हेत डुकाकिस १७ टक्क्यांनी पुढे होते, निकाल बुश यांच्या बाजूने ४२६-१११. २००७ च्या सुरुवातीला देशभरच्या सर्व्हेंत रिपब्लिकनांत जुलियानी आणि डेमोक्रॅटांत हिलरी पुढे होते, उमेदवारी दोघांनाही मिळाली नाही. इतक्या आधी लोक नाव ओळखीचं आहे की नाही, एवढंच सांगत असतात.

राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मध्यावर संसदेच्या ज्या निवडणुका होतात, त्या मधल्या निवडणुकांवरूनही भांडू नका. १९९४ ला डेमोक्रॅटांचा धुव्वा उडाला, १९९६ ला क्लिंटन आरामात जिंकले. २०१० ला डेमोक्रॅटांनी प्रतिनिधी सभागृहातल्या ६३ जागा गमावल्या, २०१२ ला ओबामा ३३२-२०६ ने आले. २०२२ ला अपेक्षेपेक्षा बरं केलं, २०२४ ला हरले. मधल्या निवडणुकीला येणारे मतदार वेगळे असतात.

मित्र आणखी एक मुद्दा काढेल, किंवा तुम्हीच काढाल: इलेक्टोरल कॉलेज, म्हणजे इलेक्टोरल मतांची ही पद्धत, कायमची रिपब्लिकनांच्या बाजूची आहे. ज्या राज्यावर २७० चा काटा टेकतो, ते राज्य देशाच्या तुलनेत कुठे आहे हे पाहून हे मोजतात. २०१६ ला हा कल रिपब्लिकन बाजूला जवळपास तीन टक्के होता, २०२० ला चारच्या आसपास. बायडेन देशात ७० लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली मिळून सुमारे ४३ हजारांची आघाडी नसती तर ते २६९ वर अडकले असते. २०१२ ला मात्र कल डेमोक्रॅटिक बाजूला होता, आणि २०२४ ला जवळपास नाहीसा झाला. पेनसिल्व्हेनिया ट्रम्प यांना १.७ टक्क्याने गेलं, देश दीड टक्क्याने. कल बदलतो, आणि दर वेळी मागच्या निवडणुकीवरून तो कायमचा ठरवला जातो.

मग मी काय पाहतो? दोनच गोष्टी, आणि त्याही २०२८ च्या अमेरिकी उन्हाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये. पहिली, विद्यमान राष्ट्राध्यक्षाचं काम पसंत असलेल्यांचं प्रमाण. तो उभा नसला तरी त्याचा हिशेब त्याच्या पक्षाच्या उमेदवाराच्या नावावर लागतो. २०२४ ला हॅरिस यांना बायडेन यांच्या चाळीसच्या आसपासच्या आकड्याचं ओझं वाहावं लागलं. दुसरी, लोकांच्या हातात येणारे पैसे आणि भाव यांचं निवडणुकीच्या वर्षातलं गणित. इथे एक बारीक गोष्ट २०२४ ने शिकवली. महागाईचा दर जून २०२२ मध्ये ९.१ टक्क्यांवर जाऊन नंतर बराच खाली आला होता, पण मतदार दर पाहत नाही, पावती पाहतो. भाव वाढायचे थांबले तरी वाढलेले तसेच राहतात. मात्र या दोन गोष्टीसुद्धा वेगळ्या मोजू नका, भाव चढले की पसंती आपोआप उतरते. तीही एकाच दोरीची होडी.

आता पैज लावायचीच असेल, तर ‘कोण येणार’ यावर लावू नका. प्रत्येकाने टक्का लिहून द्यायचा. निकालानंतर जे घडलं त्याला १ आणि नाही घडलं त्याला ० धरून, लिहिलेल्या आकड्याशी असलेल्या फरकाचा वर्ग काढायचा. ज्याचा आकडा लहान तो जिंकला. ६० टक्के (म्हणजे ०.६) लिहून बरोबर आलात तर दंड ०.१६, चुकलात तर ०.३६. नेहमी ५० लिहिणाऱ्याला ०.२५. माझ्या त्या ९६ टक्क्यांचा दंड ०.९२ झाला होता. या हिशेबात छातीठोकपणा फार महाग पडतो, आणि तुमचा मित्र पहिल्याच दिवशी ‘च’ सोडून देईल.

माझा आजचा आकडा डेमोक्रॅटिक ५५, रिपब्लिकन ४५. उमेदवार ठरेपर्यंत मी त्याला हात लावणार नाही. २०२८ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्षाची पसंती ४७-४८ च्या वर टिकून असेल तर मी ५० वर येईन, किंवा किंचित खालीही. चाळिशीच्या खाली असेल तर ६५ पर्यंत जाईन. ८० वर मी आता कुणासाठीही जात नाही. रातकिडे मला आवडत नाहीत.